रातचा धनी

नागपूरला माझ्या टेबलावर हँगरचा पहिला भाडेकरार आला, तेव्हा मूळ करार आटोपशीर होता आणि त्याला जोडलेलं विम्याचं परिशिष्ट चांगलं लांबलचक. हँगर घेणारे गृहस्थ वैमानिक प्रशिक्षणाच्या धंद्यात नवे. दोन शिकाऊ विमानं, डोक्यावर बँकेचं कर्ज, आणि धावपट्टीच्या कडेला एक जुनं उंच शेड. कागद माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "यात जी काय सर्टिफिकेटं मागितलीत ती स्वस्तात काढून द्या. त्यांना फायलीला लावायला कागद हवाय, दुसरं काय!"

विम्याच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर पडतं, त्याचा राग येत नाही. मी एवढंच विचारलं, "दिवे मालवून कुलूप लावाल, तेव्हा त्या छपराखाली कोणाकोणाचं काय असेल?"

ते हसले. माझीच विमानं, आणखी कोणाचं असणार? मग चहा आला आणि बोलता बोलता एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. एका उद्योजकाचं छोटं विमान पावसाळाभर आत ठेवायचं कबूल झालं होतं, त्याचं भाडं मिळणार होतं. दुसऱ्या कोणाचं इंजिन उघडायला येणार होतं. बाहेरचा एक अभियंता आपली हत्यारं आतच ठेवणार होता. मी प्रत्येक नावापुढे रेघ मारत गेलो, आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

हा प्रश्न माझा नव्हे. तो कोरपन्याकडच्या एका जिनिंगमधल्या दिवाणजींचा. त्यांनी उभ्या जन्मात जमिनीवरचं विमान पाहिलेलं नव्हतं.

आमचा भाग म्हणजे वर्धा आणि पैनगंगेच्या बेचक्यातली काळी जमीन, एका अंगाला माणिकगडचे डोंगर, आणि पुढे आदिलाबादचा रस्ता. आज तिकडचं नाव काढलं की लोकांना गडचांदूर, आवारपूरचे सिमेंटचे कारखाने आठवतात. आमच्या घरात मात्र सगळं कापसावर चाले. राजुऱ्याचा हा मुलूख पूर्वी निजामाचा. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आला, १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. दिवाणजींची शाळा त्याआधीची, उर्दूतली. मराठी ते आमच्यासारखीच बोलत, तेलुगू बाजारापुरती, गोंडी ओळखीपाळखीपुरती, पण हिशेब ओठांतल्या ओठांत उर्दूत चाले. कोणाच्या घरात जमिनीचा जुना कागद निघाला की लोक तो घेऊन जिनिंगच्या गेटवर येत, कारण वाचणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दिवाणजी आधी कागद उलटा करत. "शर्ती मांगच्या बाजूले रायते बाबू. समोर तं नुसता मान असते." करार हातात आला की मी अजूनही आधी शेवटचं पान उघडतो.

माझे वडील त्याच जिनिंगमध्ये हमाल. दहावीच्या सुट्टीत मला काट्यावर बसवलं, काटापट्ट्या लिहायला. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता.

तेव्हा राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, १९७२ पासूनची. शेतकऱ्याने कापूस सरकारने नेमलेल्या पणन महासंघालाच विकायचा. खरेदी व्हायची जिनिंगच्या आवारात, आणि जिनिंगवाला ठरल्या दराने रुई-सरकी वेगळी करून गठाणी बांधून द्यायचा. म्हणजे बघा, जागा एकाची, यंत्रं बँकेकडे गहाण, गंजीतला कापूस महासंघाचा, आणि गेटच्या आत रांगेत उभ्या बैलगाड्यांवरचा कापूस अजून शेतकऱ्याचा. चुकारे महिनोनमहिने अडकत ती गोष्ट वेगळी; तिच्यावर लिहायला बसलो तर विमानं राहूनच जातील.

रजिस्टरला रकाने तीन होते. नाव, वजन, ग्रेड. दिवाणजी लाल पेन्सिलीने शेजारी चौथा आखत आणि वर लिहीत, 'रातचा धनी'. काटा बंद झाला की मला घेऊन आवारात फेरी मारत.

"हे कोनाचं?"

"गंजी महासंघाची जी."

"अन् हे?"

"वजन झालं, ग्रेड नाही लागला अजून."

"मंग कोनाचं?"

मला सांगता येत नसे. ते थांबून राहत, उत्तर देत नसत. "ज्याचं उत्तर येत नाही ना पोरा, भांडन त्याच्यावरच होते." मग गेटवर जाऊन ते वजन न झालेल्या प्रत्येक गाडीवाल्याला एक चिठ्ठी देत: गाडी आत आली, अमुक वाजता, अंदाजे इतकं. असली चिठ्ठी देण्याचा नियम कुठेच नव्हता. मालकाला तर ती पसंतच नव्हती, कारण चिठ्ठी दिली म्हणजे माल आपल्या ताब्यात आल्याची कबुली झाली. दिवाणजी म्हणत, "गेट लावलं ना आपन? कुलूप आपलं ना? मंग अमानत बी आपली."

पुढच्या एका उन्हाळ्यात आग लागली. कापसातून एखादा खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा रोलरवर गेला की ठिणगी पडते, आणि ती ठिणगी रुईबरोबर पुढे सरकते. कापसाच्या आगीला ज्वाळा थोड्या वेळाच्या असतात. खरी आग आत शिरते. वरून पाणी मारून गंजी काळी पडली, सगळे घरी गेले, आणि पहाटे पुन्हा धूर. गठाणींचं तर विचारूच नका. वरून शाबूत दिसणारी गठाण कितीतरी दिवसांनी पट्ट्या तोडून उघडली आणि वारा लागताच आतून लाल झाली, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे. तो वास कपड्यांतून जायला महिना लागला.

पाहणीला माणसं आली तेव्हा एक चमत्कार झाला. आदल्या दिवशी ज्या कापसाला चार धनी होते त्याला आता एकही नव्हता. हा म्हणे त्याचा, तो म्हणे याचा, आणि गाडीवरचा कापूस म्हणजे तर कोणाचाच नाही, वजनच झालं नाही! दिवाणजींनी रजिस्टर आणून ठेवलं आणि लाल रकान्यावर बोट ठेवलं. त्यांच्या शेजारी गाडीवाले उभे, मुठीत चिठ्ठ्या. खूप उशिरा आणि कापून-छाटून का होईना, त्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले. ज्या दोघांनी चिठ्ठी सांभाळली नव्हती त्यांच्यासाठी दिवाणजी स्वतः जबाब द्यायला गेले. मालकाने नंतर त्यांच्याशी बोलणं कमी केलं. नोकरी मात्र राहिली. एवढे जुने कागद वाचणारा दुसरा माणूस मिळणार कुठे?

दिवाणजींनी जे लाल पेन्सिलीने केलं ते १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे, हे मला नागपुरात अभ्यास करताना कळलं. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आली की साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, हे कलम १५१. तेवढी घेतली असेल तर, वेगळा करार नसल्यास, नुकसानीची जबाबदारी नाही, हे १५२. हा अभ्यासही त्यांच्यामुळेच. भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट परीक्षेची फी त्यांनी भरली, आणि नागपूरच्या एका सर्वेक्षकाला चिठ्ठी लिहून दिली. हा सर्वेक्षक आगीच्या वेळी पाहणीला आला होता आणि रजिस्टर बघून गप्प झाला होता. फीचे पैसे पहिल्या पगारात परत न्यायला गेलो तर दिवाणजी घेईनात. "तू काट्यावर लिहिलं त्याची मजुरी दिली होती का कोनी? मंग झालं बरोबर." मजुरी मिळाली होती. तसं म्हणालो तर ऐकू न आल्यासारखं केलं.

आता परिशिष्टाकडे येतो.

हँगर भाड्याने देणारा सहसा निदान तीन वेगळ्या गोष्टींचा विमा मागतो, आणि घेणाऱ्याला त्या तिन्ही एकच वाटतात. पहिली, जागेवरच्या माणसांबद्दलची जबाबदारी: दार कोसळलं, सांडलेल्या तेलावरून कोणी घसरलं. दुसरी, विमानाने बाहेर कोणाचं नुकसान केलं तर त्याची. आणि तिसरी हँगर-कीपरची, म्हणजे दुसऱ्याचं विमान आपल्या ताब्यात असताना त्याला काही झालं तर. गंमत अशी की पहिल्या प्रकारच्या पॉलिसीत बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की विमेदाराच्या ताब्यातल्या, देखरेखीखालच्या मालमत्तेचं नुकसान यात नाही. जे सगळ्यांत जास्त घडण्याजोगं तेच नेमकं वगळलेलं. आमच्या गृहस्थांकडे स्वतःच्या दोन विमानांचा हल विमा, म्हणजे विमानाच्याच नुकसानीचा, होता, तिसऱ्याला आणि प्रवाशांना द्यायच्या भरपाईचाही होता. उद्योजकाच्या विमानाला त्यातलं काहीच लागू नव्हतं. गेटच्या आतली, वजन न झालेली गाडी ती हीच.

हँगर-कीपरच्या पॉलिसीलाही मर्यादा आहेत. विमान उडालं की तिचं काम संपलं. अभियंता दुरुस्तीनंतर चाचणीला वर घेऊन गेला तर ती लागू नाही. ज्या सुट्या भागावर चुकीचं काम झालं तो भागच पुन्हा करून देण्याचा खर्च ती देत नाही. आणि रक्कम दोन प्रकारे लिहिलेली असते, एका विमानाला किती आणि एका घटनेला किती. छप्पर एक म्हटल्यावर आग विमानं मोजून लागत नाही. नव्या सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाची किंमतही कोटींच्या घरात जाते. पावसाळ्यातल्या सर्वांत भरलेल्या रात्री आत किती किमतीची पाहुणी विमानं असतील, तो आकडा धरायचा. वर्षाची सरासरी काढणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

याहून अवघड भाग शेवटच्या पानावर होता. मागच्या बाजूला, दिवाणजी म्हणत तसा. विमानतळ-चालकाला आमच्या पॉलिसीत अतिरिक्त विमेदार म्हणून घ्यावं, पॉलिसी रद्द होण्याआधी तीस दिवसांची सूचना त्याला मिळावी, आणि आमच्या विमा कंपनीने त्याच्यावर वसुलीचा हक्क सोडावा. पहिल्यासाठी सर्टिफिकेट पुरत नाही. सर्टिफिकेट म्हणजे पॉलिसी आहे एवढी माहिती; नाव पॉलिसीत घालायला पुरवणी लागते, आणि दावा झाल्यावर सगळे ती पुरवणीच शोधतात. सूचनेचं कलम लोक हसण्यावारी नेतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभरच्या विमान कंपन्यांना विमेवाल्यांकडून सात दिवसांच्या नोटिसा गेल्या आणि युद्ध-दहशतवादापोटी तिसऱ्याला द्यायच्या भरपाईचं संरक्षण मागे घेतलं गेलं. सरकारांना मधे पडावं लागलं. नोटिशीचे दिवस किती असतात ते तेव्हा भल्याभल्यांनी शोधून वाचलं.

वसुलीच्या हक्काचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण भाडेकरू तिथेच बुडतो. शेड विमानतळाची, तिचा आगीचा विमा विमानतळाने काढलेला. भाडेकरूला वाटतं, इमारतीचा विमा आहे, आपल्याला काय! पण भाडेकरूच्या हलगर्जीने शेड जळली तर विमा कंपनी विमानतळाला पैसे देते आणि मग विमानतळाच्या जागी उभी राहून भाडेकरूकडे वसुलीला येते. हा हक्क कसा चालतो यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात विस्ताराने लिहिलं आहे; तो वादही योगायोगाने सुताचाच, कलकत्त्याला निघालेल्या मालाचा, अपघात झालेल्या ट्रकमधल्या. आमच्या मसुद्यात हक्क सोडण्याचं कलम एकतर्फी होतं. आमच्या कंपनीने विमानतळावर वसुली करायची नाही, त्यांच्या कंपनीने आमच्यावर केली तरी चालेल. असे मसुदे मी नंतर पुष्कळ पाहिले आणि दरवेळी तोच संताप येतो. आम्ही दुतर्फी कलम मागितलं. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर शेडच्या इमारतीपुरतं ते मिळालं.

यातलं कोणतंच कलम कायद्याने बांधलेलं नव्हतं हेही सांगायला हवं. भोपाळनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला, तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी. त्यात सक्ती कायद्याची, आणि मृत्यूपोटी तातडीची मदत कितीतरी वर्षं फक्त २५,००० रुपये. हँगर-कीपरचा विमा करार मागतो म्हणून घ्यायचा. करार मागायचा विसरला तर घ्यायचा नाही असं मात्र होत नाही; ताबा आला की जबाबदारी आलीच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका शीतगृहाच्या आगीत असाच मुद्दा पाहिला. माल शेतकऱ्यांचा, पॉलिसी शीतगृहाच्या नावावर, आणि विमा कंपनी म्हणत होती की शेतकऱ्यांशी आमचा संबंधच नाही. न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल वाचताना लाल पेन्सिल डोळ्यांपुढे आली नसती तरच नवल.

पुढे श्रावणात एक दिवस उद्योजकाचं विमान हाताने ओढून आत घेताना पंखाचं टोक दाराच्या रुळाला लागलं. दिसायला चार बोटांचा चुरगळा. पण विमानाच्या पंखाला चेपणं-रंगवणं चालत नाही. आतल्या फासळ्या तपासायच्या, भाग परदेशातून मागवायचा, आणि तोवर विमान उभं. हँगर-कीपरच्या पॉलिसीतून स्वतःचा ठरलेला वाटा वजा जाता पैसे आले. गृहस्थांनी फोन करून आभार मानले. ते आभार कोरपन्याला पोचते करायला मी दिवाळीत गेलो.

दिवाणजी तेव्हा थकले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, वाचन बंद. नागपूर आणि विमान म्हटल्यावर त्यांना रात्रीची डाक आठवली. १९४९ साली सुरू झालेली ती हवाई डाक: मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेला परत. १९७३ पर्यंत ती चालली. मुंबईच्या कापूसबाजाराची पत्रं त्या डाकेने येत, असं ते म्हणाले, आणि त्या थैल्यांचा रातचा धनी कोण असेल यावर थोडा वेळ विचार करत बसले. त्यांच्या नातवाने सांगितलं की आता चंद्रपूरजवळ मोरव्याच्या पट्टीवर पोरं विमान शिकतात, आणि राजुऱ्याकडे विहीरगाव-मूर्तीला मोठं विमानतळ होणार म्हणतात. "म्हनतात," दिवाणजी म्हणाले. त्या जागेत जंगल आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मग मी त्यांना सगळं परिशिष्ट मराठीत सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. पंख लागल्याची हकीकत आली तेव्हा त्यांनी थांबवलं.

"अन् तो ढकलनारा?"

ढकलणारा हेल्पर पंख आणि दार यांच्या मधे होता. खांदा खरचटला होता, थोडक्यात वाचला. परिशिष्टात कामगारांबद्दल एकच ओळ होती, 'कायद्यानुसार विमा'. गृहस्थांचं म्हणणं, तो माझा माणूस नाही, कंत्राटदाराचा. मी तसं सांगितलं.

"आग का कंत्राटदाराले इचारून लागते?"

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम १२ तेव्हा हेच म्हणत असे. आपल्या धंद्याचं काम आपल्या जागेत कंत्राटी माणसाकडून करून घेतलं, तरी भरपाई आधी मूळ मालकाकडे मागता येते. त्याने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. आणि दायित्वाच्या ज्या पॉलिसींवर आम्ही एवढी शाई घातली होती, त्या सगळ्यांतून कामावरची माणसं वगळलेली होती. गृहस्थांना मी हे कलम दाखवून आधीच सांगून थकलो होतो. नूतनीकरणाच्या बैठकीत या वेळी कलमाचं नावच काढलं नाही, दिवाणजींचं वाक्य तेवढं त्यांच्याच बोलीत सांगितलं. ते हसले आणि त्यांनी सही केली. सगळ्या परिशिष्टात सर्वांत कमी हप्ता त्या पॉलिसीचा होता.

दिवाणजींना फोनवर कळवलं.

"त्याचं नाव लिवलं का? का नुसतंच 'हेल्पर एक'?"

म्हटलं, पॉलिसीत नावं नसतात जी, माणसं किती आणि पगार किती एवढंच असतं.

"मंग हजेरीत लिव म्हना त्याइले. रोजच्या रोज. अन् येळ घाला," ते म्हणाले, आणि नातवाच्या हातात फोन दिला.